किती वॅट ते राहू द्या, किती व्होल्ट ते सांगा

एप्रिल-मेची लग्नसराई उरकली की माझ्या टेबलावर जळालेले स्पीकर यायला लागतात. बारा इंची, पंधरा इंची, अठरा इंची, आणि एखाद्या प्लास्टिकच्या डब्यात हॉर्नचे (वरच्या सुरांच्या स्पीकरचे) डायफ्राम, म्हणजे पातळ पडदे. मी नागपुरात हॉल, लॉन, विहार, शाळा अशा ठिकाणी साउंड बसवतो आणि जोडीला कोन-कॉइल बदलायचं कामही करतो. दोन्ही कामं एकाच हाताने होत असल्यामुळे एक फायदा झाला. पेटी, म्हणजे स्पीकरचा बॉक्स, कशी जोडली होती आणि ती कशाने गेली, या दोन्ही गोष्टी मला एकत्र दिसतात. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे की पेटी वाचवणं हे बसवणाऱ्याचं काम आहे. उद्या हॉलमध्ये फेडरवर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाजाच्या पट्टीवर, कोणाचा हात असेल ते आपल्याला ठाऊक नसतं. अॅम्पच्या (अॅम्प्लिफायरच्या) आउटपुटला जास्तीत जास्त किती व्होल्ट येऊ द्यायचे, ते मात्र आपणच ठरवून देऊ शकतो.

आधी कॉइलबद्दल, म्हणजे कोनाला (स्पीकरच्या हलत्या पडद्याला) मागून जोडलेल्या तारेच्या वेटोळ्याबद्दल, कारण सगळा पुरावा तिथेच असतो.

कोन कापून काढला, कॉइल बाहेर घेतली आणि उजेडात फिरवली की बरंच कळतं. वेटोळी वरपासून खालपर्यंत सारखी काळी-तपकिरी पडली असतील, वार्निश जळून तारा सुटल्या असतील, तर ती उष्णतेने गेली. म्हणजे तिला तासन् तास झेपेल त्यापेक्षा जास्त वॅट मिळाले. कॉइलचा एकच भाग भाजला आहे, उरलेली तांब्याची चमक तशीच आहे, असं असेल तर डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा, संशय घ्यायचा. कोन एका बाजूला ढकलला जाऊन तिथेच अडकून राहिला आणि कॉइलचा जो भाग चुंबकाच्या फटीबाहेर गेला त्याला थंड व्हायला जागाच मिळाली नाही. फॉर्मरची (ज्या नळीवर कॉइल गुंडाळलेली असते तिची) खालची कड चेपली असेल, तिथे वाकलेला ठसा असेल, तर कॉइल मागच्या प्लेटवर आपटली आहे. तिथे उष्णतेचा संबंध नाही, कोन हद्दीबाहेर धावला. स्पायडर (कॉइल मधोमध धरून ठेवणारी चकती) फाटलेला असेल किंवा लीड वायर मुळाशी तुटलेली असेल तरी बहुतेक वेळा तेच. हॉर्नच्या ड्रायव्हरमधला (आवाज काढणाऱ्या भागातला) टायटॅनियमचा डायफ्राम काचेसारखा तडकून आला तर त्याला खालच्या फ्रिक्वेन्सी मिळाल्या, ज्या त्याला कधीच मिळायला नको होत्या.

दुकानात येणारा माणूस मात्र चारही प्रकारांत एकच वाक्य बोलतो. "मशीन मोठी होती न भाऊ, म्हणून उडाली."

मशीन, म्हणजे अॅम्प, मोठी असणं हे खरं कारण क्वचितच असतं. आठ ओहमची पेटी घ्या, तिच्या मागे लिहिलंय ३०० वॅट कंटिन्युअस (सतत झेपणारे), ६०० प्रोग्राम (चढउताराच्या गाण्याला), १२०० पीक (क्षणभराला). आणि तिला भीतीपोटी २५० वॅटचा अॅम्प जोडला. कागदावर पेटी सुरक्षित वाटते. २५० वॅटचा अॅम्प आठ ओहमवर स्वच्छ साइन वेव्ह (एकाच सुराची गुळगुळीत लाट) देतो तेव्हा साधारण ४५ व्होल्ट आरएमएस (ज्यावरून सरासरी वॅट निघतात ते व्होल्ट) असतात आणि पीक ६३ व्होल्टच्या आसपास. आता ऑपरेटरला आवाज कमी पडला, त्याने फेडर वर ढकलला. अॅम्प ६३ च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून लाटेचे माथे कापले जातात. क्लिपिंग ते हेच. पुरती चौकोनी लाट झाली तर आरएमएससुद्धा ६३ होतं आणि हिशोब जातो ५०० वॅटवर. २५० च्या मशीनमधून ५००! गाण्यात इतकी टोकाची वेळ येत नाही हे खरं, पण लाल दिवा सतत पेटलेला ठेवून दोन तास वरात नाचवली तर सरासरी वॅट ३०० च्या वर जायला अडचण नाही. आणि त्या कापाकापीत वरच्या फ्रिक्वेन्सीचा वाटा वाढतो, तो सगळा हॉर्नच्या वाट्याला येतो. पेटीवर ३०० लिहिलेलं असलं तरी आतल्या एक इंची हॉर्न ड्रायव्हरला ४०-५० वॅटच झेपतात. म्हणून लहान मशीनवर पहिल्यांदा हॉर्न जातो.

तेच दुसऱ्या बाजूने पाहा. ६०० वॅटचा अॅम्प आठ ओहमवर ६९ व्होल्ट आरएमएस देतो, पीक ९८ व्होल्ट. पेटीचं पीक रेटिंग १२०० वॅट, त्याचे व्होल्ट काढले तर तेही ९८. म्हणजे ढोलकीची थाप, डफाचा ठोका अशा क्षणभराच्या शिखराला हा अॅम्प कापणार नाही आणि पेटीच्या पीकच्या हद्दीबाहेरही जाणार नाही. कंटिन्युअसच्या दुप्पट अॅम्प घ्या असं जाणकार सांगतात ते याचसाठी. फक्त त्यात पुढची अट जोडलेली आहे, आणि ती अट लोक विसरतात: सरासरीवर लगाम हवा. ३०० वॅट आठ ओहमवर म्हणजे ४९ व्होल्ट आरएमएस. हा लगाम म्हणजे लिमिटर, तो ठरवलेल्या व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. सरासरीसाठी आरएमएस लिमिटर ४९ वर, शिखरांसाठी पीक लिमिटर ९८ वर.

एका मंगल कार्यालयाच्या विश्वस्त काकांना मी हे समजावून सांगत होतो तर ते म्हणाले, "अहो, तीनशेच्या पेटीले सहाशेची मशीन, जाईन न उडून! अन् वरून तुम्ही प्रोसेसरचे पैसे वेगळे लावून राहिले." त्यांची शंका रास्त होती, पैसे त्यांच्या संस्थेचे होते. मी त्यांना एवढंच सांगितलं की काका, मशीन मोठी आणि लिमिटर नाही, तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. म्हणूनच प्रोसेसर, म्हणजे ज्यात हे लिमिटर असतात ते यंत्र, कोटेशनमधून काढायचा असेल तर मी काम घेत नाही. त्यांनी ठेवला.

वॅट सोडून व्होल्टमध्ये बोलायला लागलं की आणखी एक गोंधळ मिटतो. एका चॅनलवर एक पेटी असो की दोन पॅरलल, लिमिटरचे व्होल्ट तेच राहतात. दोन पेट्या लावल्या की करंट दुप्पट होतो, वॅट दुप्पट होतात, पण प्रत्येक पेटीच्या टर्मिनलवर व्होल्ट ४९ च. मी लोकांना "चार ओहमवर ६०० वॅट, म्हणून लिमिटर वाढवला" असं करताना पाहिलं आहे. वाढवायचा नसतो. फक्त अॅम्प चार ओहमला तो करंट देऊ शकतो का, एवढं बघायचं.

आता सेटिंग प्रत्यक्षात कसं करायचं. स्पीकरच्या तारा काढून ठेवायच्या. सगळ्यांत आधी हेच. अॅम्पचे नॉब पूर्ण उघडे. प्रोसेसरमधून किंवा लॅपटॉपमधून साइन टोन, बेसच्या बँडसाठी ६०-८० हर्ट्झ, पूर्ण पेटीसाठी दोनेकशे हर्ट्झ. साधा मल्टिमीटर पन्नास हर्ट्झच्या आसपास भरवशाचा असतो, वर जाईल तसा खोटं बोलतो, म्हणून टोन खालचा ठेवायचा आणि मीटर ट्रू आरएमएस घ्यायचा. मीटर आउटपुटवर एसीमध्ये. लेव्हल वाढवत ४९ च्या पुढे न्यायची, मग लिमिटरचं थ्रेशोल्ड (तो लागायची पातळी) खाली आणत जायचं. मीटरचा आकडा घसरत येतो आणि ४९ वर थांबवायचा. पुन्हा इनपुट दहा डीबीने वाढवून बघायचं. आकडा जागचा हलला नाही तर लिमिटर लागला.

हिशोबाने पडताळायचं असेल तर अॅम्पचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती पट वाढवतो ते, बघा. ३२ डीबी म्हणजे ४० पट. ४९ भागिले ४० केलं की १.२३ व्होल्टच्या जवळपास येतं, आणि ते नेमके +४ डीबीयू (प्रोसेसरमध्ये सिग्नलचे व्होल्ट मोजायचं माप). गेन २६ डीबीचा असेल तर २० पट, मग थ्रेशोल्ड +१० डीबीयू. इथे मोठा धोका आहे. कित्येक अॅम्पच्या मागे गेनचं हे सिलेक्टर असतं. २६ वर सेट केलेल्या सिस्टीममध्ये कोणी स्विच ३२ वर सरकवला तर लिमिटर आपल्या जागी शहाण्यासारखा उभा असतो आणि आउटपुटला ४९ ऐवजी ९८ व्होल्ट आरएमएसची मागणी पोचते. समोरच्या नॉबचंही तसंच. अर्धा नॉब ठेवून लिमिटर लावला आणि नंतर कोणी नॉब पूर्ण फिरवला, की सगळं सेटिंग वाया. नॉब अर्धा ठेवला म्हणजे मशीन अर्धी चालते, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. नॉब फक्त इनपुट कमी करतो, अॅम्पची ताकद जशीच्या तशी असते. म्हणून नॉब पूर्ण उघडे, वर सिक्युरिटी कव्हर, मागच्या स्विचवर टेप आणि टेपवर मार्करने लिहिलेलं.

मी स्वतः ४९ वर थांबत नाही. नागपूरच्या लॉनसाठी तीन डीबी खाली, म्हणजे ३५ व्होल्टच्या जवळ आणतो. पेटीचे वॅट कोणत्या चाचणीत ठरले ते बघितलं तर कारण समजेल. एईएस, म्हणजे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या, १९८४ च्या मानकात ड्रायव्हरला दोन तास नॉइझ (सलग खरखरता सिग्नल) देतात. आपल्याकडे संगीत, वरात, जेवणं, विदाई असं धरलं तर पेटी संध्याकाळी पाचला सुरू होते ते रात्रीपर्यंत. आणि वर्धा रोडवरच्या किंवा कामठी रोडवरच्या एखाद्या लॉनवर मे महिन्यात काळी पेटी दुपारपासून उन्हात उभी असते. सावलीतच पारा पंचेचाळीस असतो, तर त्या काळ्या पेटीचं काय होत असेल ते हात लावून बघा.

गरम तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. कॉइल दोनशे अंशांनी तापली की रेझिस्टन्स पावणेदोन पटीच्या वर जातो. अॅम्पचे व्होल्ट तेच, मग करंट कमी, आवाज कमी. साउंडवाले म्हणतात, "पेटी दबली." दबलेल्या पेटीवर ऑपरेटर काय करतो? वाढवतो. एका पोट्ट्याला मी विचारलं तर तो अगदी खरं बोलला, "दादा, आवाज बसून राहिला होता, नवरदेवाकडचे लोक ओरडून राहिले होते, मी काय करू?" त्याचं काही चुकलं नाही. बसत चाललेला आवाज हीच पेटी जळायच्या आधीची सूचना आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी नवरदेवाच्या मामासमोर त्याने फेडर खाली घेतला नसता. अशा वेळी लिमिटरच कामाला येतो. आरएमएस लिमिटरचा अटॅक (लागायला घेतलेला वेळ) मी बेससाठी काही सेकंदांचा ठेवतो, हॉर्नसाठी त्याहून बराच कमी, कारण हॉर्नची छोटी कॉइल चटकन तापते. पीक लिमिटर मात्र मिलिसेकंदांत लागायला हवा, तो आपटण्यापासून वाचवतो. दोघांचं काम वेगळं आहे, एकाने दुसऱ्याचं भागत नाही.

लिमिटरला चकवणारी आणखी एक गोष्ट आपल्या वीजपुरवठ्यात आहे. ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या पद्धतीच्या अॅम्पचे आतले रेल व्होल्टेज (आउटपुट ट्रान्झिस्टरला मिळणारे डीसी व्होल्ट) लाइनवर अवलंबून असतात. २३० चे १९० झाले, आणि नागपूर सोडून उमरेड-काटोलकडच्या लॉनवर जनरेटरवर किंवा लांबच्या लाइनवर ते होतंच, की अॅम्पची ताकद ६८ टक्क्यांवर येते. पीक लिमिटर ९८ व्होल्टला लागणार, अॅम्प मात्र ८१ च्या आसपास आधीच कापायला लागला. प्रोसेसरच्या पडद्यावर सगळं हिरवं आणि अॅम्पचा लाल दिवा पेटलेला. अशा जागी मी पीक लिमिटर तिथल्या खऱ्या लाइनला अॅम्प जिथे क्लिप होतो त्याच्या खाली ठेवतो. रेग्युलेटेड एसएमपीएसचे (लाइन खाली-वर झाली तरी आतले व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या सप्लायचे) अॅम्प घेतले तर हा त्रास बराच कमी होतो. जनरेटरवर आणखी एक बघायचं, न्यूट्रल. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल ढिला झाला की ज्या फेजवर लोड कमी त्यावर व्होल्टेज चारशेकडे धावतं. बिछायतवाल्याच्या लाइट एका फेजवर आणि आपलं साउंड दुसऱ्यावर असलं की फटका आपल्याला बसतो. मी न्यूट्रलचा लग स्वतः हाताने ओढून बघतो, आणि रॅकमध्ये ओव्हर-व्होल्टेज कटऑफ असल्याशिवाय प्लग लावत नाही.

हाय-पास, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या, फिल्टरबद्दल थोडं, कारण आपटून फुटलेल्या कॉइल सगळ्या इथून येतात. पोर्टवाली (हवेचं भोक असलेली) पेटी तिच्या ट्यूनिंगच्या, म्हणजे त्या भोकाने ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या, खाली गेली की आतल्या हवेची पकड सुटते. मग कोन थोड्या वॅटवरही भरमसाट हलतो, आणि ऐकायला त्यातलं काहीच येत नाही. माइक हातातून पडणं, स्टेजवर कोणी उडी मारणं, लॉनवरचा वारा माइकवर येणं, हे सगळं त्याच खालच्या भागात असतं. बारा इंची टॉप (मुख्य पेटी) पन्नास-पंचावन्नला ट्यून असेल तर ५० हर्ट्झला २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचा फिल्टर लावा, आणि बेस वेगळे असतील तर टॉपला शंभरच्या आसपास कापा. अठरा इंची बेसलाही तळ हवा, ट्यूनिंगच्या किंचित खाली. "बेस कापला तर मजा जाईन" असं म्हणणाऱ्याला फिल्टर चालू-बंद करून दाखवायचं. ऐकण्यात फरक जवळजवळ नसतो, कोनाच्या हलण्यात मात्र डोळ्यांना दिसेल इतका असतो.

बाय-अॅम्प केलेल्या, म्हणजे बेस आणि हॉर्नला वेगळे अॅम्प दिलेल्या, पेटीत हॉर्नचा ड्रायव्हर थेट अॅम्पला जोडलेला असतो. तिथे मी सीरिजमध्ये कपॅसिटर टाकल्याशिवाय राहत नाही. आठ ओहमच्या ड्रायव्हरला ३३ मायक्रोफॅरडचा पॉलीप्रोपिलीन, २५० व्होल्टचा. त्याचा कट साधारण ६०० हर्ट्झला येतो, प्रोसेसरचा क्रॉसओव्हर (बेस आणि हॉर्नचा आवाज जिथे विभागतो ती फ्रिक्वेन्सी) १६०० किंवा त्यावर असतो, त्यामुळे आवाजात ढवळाढवळ फारशी होत नाही. कोणी स्पीकॉनमध्ये (स्पीकरच्या फिरवून बसणाऱ्या कनेक्टरमध्ये) १ आणि २ उलटे जोडले, प्रोसेसरचं प्रीसेट चुकून बदललं, अॅम्प चालू करताना धप्प आवाज आला, तरी डायफ्राम शिल्लक राहतो. कपॅसिटरची किंमत डायफ्रामच्या मानाने किरकोळ आहे. पॅसिव्ह पेट्यांच्या क्रॉसओव्हर प्लेटवर कधी कधी गाडीच्या बल्बसारखा छोटा बल्ब दिसतो. तो हॉर्नच्या सीरिजमध्ये असतो, करंट वाढला की पेटतो, त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि हॉर्नवरचा ताण उतरतो. दुरुस्तीत हा बल्ब गेला की तार मारून "डायरेक्ट" केलेल्या पेट्या माझ्याकडे येतात. तसाच बल्ब मिळतो, तोच लावा.

तीच सवय अॅम्पच्या रिलेबाबत. क्लास एबीच्या अॅम्पमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पूर्ण रेल व्होल्टेज डीसीमध्ये स्पीकरवर येतं. शंभर व्होल्ट डीसी आणि कॉइलचा साडेपाच ओहमचा रेझिस्टन्स, म्हणजे अठराशे वॅटच्या घरात, तेही कोन जागेवर थिजलेला असताना. काही सेकंदांचं काम. प्रोसेसरचा लिमिटर इथे निरुपयोगी, कारण बिघाड त्याच्या पुढे झाला आहे. म्हणून चांगल्या अॅम्पमध्ये डीसी ओळखून आउटपुट तोडणारी रिले असते, किंवा आउटपुट ग्राउंडला पाडणारा क्रोबार. अॅम्प चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी "टिक्" असं ऐकू येतं ती हीच. रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडले की आवाज खरखरतो, आणि मग काही दुरुस्तीवाले कॉन्टॅक्टवर तार टाकून रिले कायमची जोडून देतात. आवाज साफ होतो आणि गिऱ्हाईक खूश होतो. पुढच्या वेळी ट्रान्झिस्टर गेला की चॅनलवरचे दोन्ही बेस एकदम जातात. जुना अॅम्प हातात आला की मी आधी "टिक्" ऐकतो, मग आउटपुटवर डीसी मोजतो. चाळीस-पन्नास मिलिव्होल्टपर्यंत ठीक, त्याच्या वर असेल तर तो अॅम्प पेटीला जोडायचा नाही.

ब्रिजचा, म्हणजे दोन चॅनल जोडून एक करायचा, स्विच हा आणखी एक जळण्याचा रस्ता. वरच्याच ६०० वॅटच्या अॅम्पचे दोन चॅनल ब्रिज केले की व्होल्टेज दुप्पट, ६९ चे १३८, आणि हिशोबाने आठ ओहमवर चौपट वॅट. आपला ४९ चा लिमिटर आता ९८ वर सोडतो. शिवाय ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला अर्धा लोड दिसतो, चार ओहमची जोडी लावली की त्याला दोन ओहम भासतात. दोन्ही टर्मिनलवर सिग्नल असतो, कुठलंच ग्राउंड नसतं. हॉलच्या कामात मी ब्रिज वापरतच नाही. हवे तेवढे वॅट देणारा अॅम्प घेतलेला बरा.

तारा आणि जोडण्या. स्पीकरला पी-३८ पिन (पाव इंची जॅक) आता बंदच व्हायला हवी, कारण ती घालता-काढताना टोक आणि बाही क्षणभर एकत्र येतात आणि चालू अॅम्प शॉर्ट होतो. स्पीकॉन लावा. तीस मीटरच्या लांबीला चार ओहमवर दीड स्क्वेअर एमएमची तार टाकली तर पंधरा टक्के व्होल्ट तारेतच राहतात, अडीचमध्ये दहा टक्के. रॅक स्टेजच्या जवळ आणणं सगळ्यांत स्वस्त पडतं.

विहार, शाळा, मंदिर इथे हंड्रेड व्होल्ट लाइनचं, म्हणजे एका अॅम्पवर लांब तारेने बरेच भोंगे चालवायचं, काम वेगळं. भोंग्याच्या युनिटला एलएमटी (लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर) हवाच, आणि सगळ्या टॅपिंगची, म्हणजे त्यावर निवडलेल्या वॅटची, बेरीज अॅम्पच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच. २५० वॅटच्या अॅम्पला ४० ओहमच्या खालची लाइन नको, म्हणून दहा वॅटच्या टॅपवर वीस भोंगे, ५० ओहम, हे बरोबर बसतं. हे ओहम साध्या मल्टिमीटरने मोजू नका. मीटर डीसीवर मोजतो आणि ट्रान्सफॉर्मर त्याला नुसती वेटोळी तार दिसते, आकडा भलताच कमी येतो. इम्पीडन्स मीटर एक किलोहर्ट्झला लावायचा. आणि खालच्या फ्रिक्वेन्सी इथेही कापायच्या, कारण एलएमटीचा कोअर त्यांच्यामुळे भरून जातो आणि अॅम्पला तो शॉर्टसारखा वाटतो. नुसते भोंगे असतील तर मी ३०० हर्ट्झच्या आसपास कापतो. भाषण, बुद्धवंदना, सूचना सगळं त्याच्यावर स्पष्ट ऐकू येतं. दसऱ्याला दीक्षाभूमीभोवतीच्या रस्त्यांवर लाखो लोक असतात, हरवलेल्या मुलाचं नाव शेवटच्या माणसापर्यंत जायला लागतं. अशा कामाला स्पष्टपणाच हवा, धमक नको.

मंगलाष्टकांच्या वेळी गुरुजी माइक घेऊन पेटीसमोर येतात आणि शिट्टी वाजते, ती शिट्टी हॉर्नसाठी नाचाच्या गाण्यापेक्षा घातक असते, कारण ती सलग साइन वेव्ह आहे, तिच्यात दम घ्यायला जागा नाही. हॉर्नचा लिमिटर मी म्हणूनच वेगळा आणि कडक ठेवतो.

काम सोपवताना रॅकच्या दारावर आतून एक कागद चिकटवतो. पेटीचा ओहम, गेन स्विच कुठे आहे, लिमिटर किती व्होल्टला, हाय-पास कितीला, चालू करताना मिक्सर-प्रोसेसर आधी आणि अॅम्प शेवटी, बंद करताना अॅम्प आधी. जमेल तिथे सिक्वेन्सर लावतो, मग क्रम लक्षात ठेवायची गरजच राहत नाही. प्रोसेसरला पासवर्ड असतो आणि तो संस्थेच्या सेक्रेटरींकडे बंद पाकिटात, माझ्याकडे एकट्याकडे नाही. उद्या मी नसलो तरी त्यांचं अडू नये.

तुमच्या हॉलमध्ये पेट्या वारंवार जात असतील तर खाली तीन गोष्टी लिहा: पेटीच्या मागचा ओहम आणि कंटिन्युअस वॅट, अॅम्पच्या गेन स्विचचा आकडा, आणि कार्यक्रम ऐन भरात असताना बोर्डावर मोजलेलं लाइन व्होल्टेज. जळालेल्या कॉइलचा फोटो असेल तर तोही टाका, दोन्ही टोकं दिसतील असा. किती व्होल्टला लिमिटर लावायचा ते मी काढून देतो.